‘द लास्ट वेव्ह’ (१९७७) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा सिनेमा पाहून झाल्यावर लोक तेच तेच दहा-पंधरा प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. शेवट उघड करणारे प्रश्न मुद्दाम खाली ठेवले आहेत आणि तिथे तशी सूचनाही आहे.

हा नेमका कोणता सिनेमा?

ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक पीटर विअर यांचा १९७७ चा, १०६ मिनिटांचा रहस्यपट. पटकथा विअर, टोनी मॉर्फेट आणि पेत्रू पोपेस्कू या तिघांची, छायालेखन रसेल बॉइड यांचं. मुख्य भूमिकेत अमेरिकी नट रिचर्ड चेंबरलेन. त्यांच्यासोबत डेव्हिड गुलपिलिल, ऑलिव्हिया हॅम्नेट आणि नांदजीवारा अमागुला. बॉइड यांना या कामासाठी १९७८ चा ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा छायालेखन पुरस्कार मिळाला. ध्वनीचा पुरस्कारही याच सिनेमाला मिळाला.

अमेरिकेत हा ‘ब्लॅक रेन’ या नावानंही दाखवला गेला आणि शोधताना सगळा घोटाळा इथेच होतो. १९८९ मध्ये त्याच नावाचे आणखी दोन सिनेमे आले, एक ओसाकात घडणारा अमेरिकी पोलिसपट आणि दुसरा हिरोशिमावरचा जपानी. म्हणून शोधताना नुसतं नाव टाकू नका, वर्ष आणि दिग्दर्शकही टाका.

गोष्ट काय आहे? (शेवट न सांगता)

डेव्हिड बर्टन हा सिडनीतला कंपन्यांचे करव्यवहार बघणारा वकील. बायको, दोन मुली, टुमदार घर, सगळं जागच्या जागी. शहरात पाऊस थांबायचं नाव घेत नाही. एका दारूच्या गुत्त्याबाहेर बिली नावाचा आदिवासी तरुण मरतो, पण शवविच्छेदनात मृत्यूचं ठाम कारण सापडत नाही. त्याच्या सोबतच्या आदिवासी तरुणांवर खटला भरला जातो आणि विधी साहाय्यातून ते काम डेव्हिडकडे येतं. फौजदारी कामाची त्याला सवय नाही. त्यातच आरोपींपैकी ख्रिस (गुलपिलिल) पहिल्यांदा समोर येतो तेव्हा डेव्हिडच्या लक्षात येतं की हा माणूस आपल्या स्वप्नात येऊन गेलाय. पावसात उभा होता, हातात खुणा कोरलेला दगड होता.

पुढे प्रश्न दोन होतात. बिलीला कोणी मारलं, हा एक. डेव्हिड स्वतः कोण आहे, हा दुसरा. सिनेमाला दुसऱ्यात जास्त रस आहे. पहिल्याच्या उत्तरासाठी बसलेल्या प्रेक्षकाची चिडचिड होते ती यामुळेच.

भयपट आहे का? मुलांसोबत बघता येईल?

दचकवणारे झटके जवळजवळ नाहीत आणि रक्त फारसं नाही. सुरुवातीला वाळवंटी गावातल्या शाळेवर निरभ्र आकाशातून गडगडाट होतो, मग मोठमोठ्या गारा खिडकी फोडून वर्गात येतात आणि एक मूल जखमी होतं. बुडालेल्या माणसांचं एक दृश्य आहे. बारा-तेरा वर्षांपुढच्या मुलांना चालेल. त्याहून लहान मुलं घाबरण्याआधी कंटाळतील.

माझ्याकडची प्रत १०२ मिनिटांची आहे. कापलेली आहे का?

बहुतेक नाही. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. युरोप-ऑस्ट्रेलियाकडच्या जुन्या पाल पद्धतीच्या टेप आणि डीव्हीडींवर तो सेकंदाला २५ चौकटींनी चालवला जायचा. १०६ ला २४ नं गुणून २५ नं भागा, १०२ च्या जरा आत उत्तर येतं. दृश्य एकही गेलेलं नसतं, मात्र आवाज सुमारे ४ टक्के वरच्या पट्टीत जातो. या सिनेमात ते जाणवतं, कारण पार्श्वसंगीताचा सगळा जीव खर्जात आहे. निवडायला मिळालं तर १०६ मिनिटांची प्रत घ्या.

चित्राची चौकटही तपासा. जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या जवळजवळ चौकोनी प्रतीत दोन्ही कडा कापलेल्या असतात. इथे माणसं वारंवार चौकटीच्या कडेला, काचेआड किंवा दारात उभी असतात. कडा गेल्या की चित्र तर जातंच, भीतीही जाते.

बघताना काही तयारी लागते का?

तीन गोष्टी सांभाळा. पहिली, मोबाइलच्या स्पीकरवर बघू नका. दृश्यांखाली सतत एक खोल घुमारा चालू असतो आणि छोट्या स्पीकरमधून तो येतच नाही. साधे कानात घालायचे हेडफोनही पुरेसे आहेत. दुसरी, खोलीत अंधार हवा, कारण रात्रीची पावसाची दृश्यं बॉइड यांनी फार कमी प्रकाशात ठेवली आहेत. टीव्हीची चमक वाढवली तर काळा रंग करडा होतो आणि खिडकीबाहेरचा माणूस वेळेआधीच दिसतो. तिसरी, इंग्रजी उपशीर्षकं चालू ठेवा. गुलपिलिल आणि अमागुला खालच्या आवाजात, थांबत थांबत बोलतात आणि नेमकी महत्त्वाची वाक्यं त्यांचीच आहेत.

सगळीकडे पाणीच पाणी का?

या सिनेमात भीती पाण्यानं घरात शिरते, आणि तीही अगदी घरगुती वाटेनं. एक प्रसंग नीट बघा. बर्टन कुटुंब खाली बसलंय, रोजचं बोलणं चाललंय. जिन्यावरच्या गालिच्यावरून पाणी एकेक पायरी खाली उतरतंय आणि अजून कोणाचं लक्ष नाही. डेव्हिड वर जातो तर टब भरून वाहतोय, एवढंच. कारण सापडतं, पाणी पुसलं जातं. दुसऱ्या एका प्रसंगात तो गाडीत बसलाय आणि गाडीच्या रेडिओतून पाणी ठिबकायला लागतं. त्याला मात्र कारण नाही.

ही चढती भाजणी आहे. आधी कारण असलेलं पाणी, मग कारण शोधता येईल असं, मग कारण नसलेलं, आणि त्यानंतर आभाळातून पडणारा काळा पाऊस. प्रेक्षक नेमका कुठल्या पायरीवर विश्वास ठेवायला लागला हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. मुंबई-कोकणात पावसाळे काढलेल्या माणसाला भिंतीतली ओल आणि गळणारं छत नवीन नाही, म्हणून पहिला अर्धा तास आपल्याकडच्या प्रेक्षकाला जरा कमी अद्भुत वाटतो. सिडनीच्या उन्हाची सवय असलेल्या प्रेक्षकाला तोच पाऊस पहिल्या मिनिटापासून खटकतो.

‘ड्रीमटाइम’ म्हणजे स्वप्नांचा काळ का?

शब्दशः तसं, पण त्या शब्दानं दिशाभूल जास्त होते. मध्य ऑस्ट्रेलियातल्या अरेर्न्ते लोकांच्या ‘अल्त्येरे’ या संकल्पनेचं हे इंग्रजी रूप. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाल्डविन स्पेन्सर आणि फ्रान्सिस गिलेन या अभ्यासकांच्या लिखाणातून ते रूढ झालं. मूळ कल्पनेत पूर्वजांनी भूमी, प्राणी, माणसं आणि वागण्याचे नियम घडवले. पण ती घडण मागे कधीतरी होऊन संपलेली नाही, ती चालूच आहे. मानववंशशास्त्रज्ञ स्टॅनर यांनी १९५३ मध्ये यासाठी ‘कधीही आणि नेहमीच’ अशा अर्थाचा एक नवा इंग्रजी शब्द घडवला. मराठीत ‘स्वप्नकाळ’ लिहिण्यापेक्षा आपला अभंगांतला ‘सर्वकाळ’ मूळ कल्पनेच्या जास्त जवळ जातो.

शिवाय ही एकच एक श्रद्धा नाही. १७८८ मध्ये ब्रिटिश आले तेव्हा या खंडात २५० हून अधिक भाषा होत्या आणि प्रत्येक समाजाच्या कथा त्याच्या भूमीला बांधलेल्या होत्या. सिनेमा मात्र ‘ड्रीमटाइम’ आणि झोपेत पडणारं स्वप्न यांची सांगड घालतो. ख्रिस म्हणतो, स्वप्न म्हणजे खऱ्या गोष्टीची सावली. वाक्य सुरेख आहे आणि कथेला उपयोगाचं आहे, पण त्याला सगळ्या ऑस्ट्रेलियन आदिवासींची व्याख्या समजू नका.

आदिवासींमधला वडीलधारा चार्ली (अमागुला) गाडीतून हाड रोखतो, त्याचा अर्थ काय?

‘हाड रोखणं’ ही नोंदलेली प्रथा आहे, विशेषतः मध्य ऑस्ट्रेलियातली. अणकुचीदार हाड मंत्र म्हणत माणसाच्या दिशेनं रोखलं जातं. स्पर्श होत नाही, जखम होत नाही. आपल्याकडच्या ‘मूठ मारणे’शी हे लगेच जुळवलं जातं आणि परिणामापुरती तुलना बरोबरही आहे. फरक अधिकाराचा आहे. मूठ मारणारा लपून, वैरापोटी करतो अशी आपली समजूत. हाड रोखणं हे नियम मोडणाऱ्याला दिलेली शिक्षाही असू शकतं. सिनेमात ते शिक्षाच आहे, कारण बिलीनं जे बघायला आणि घ्यायला मनाई होती ते घेतलंय.

यानं माणूस खरंच मरतो का? शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९४२ मध्ये अशा मृत्यूंवर लेख लिहिला. तीव्र भीतीमुळे शरीराची मज्जासंस्था सतत ताणाखाली राहते, माणूस खाणंपिणं सोडतो आणि रक्तदाब कोसळतो, अशी त्यांची मांडणी होती. त्यावर वाद झाले. सिनेमातल्या न्यायालयाला मात्र ती सोयही नाही. आपल्या जुन्या भारतीय दंडविधानासारख्याच इंग्रजी वळणाच्या कायद्यात हाड रोखणाऱ्यावर आरोपपत्र लिहायला रकानाच नाही.

आरोपी सुटू शकतात, तरी खरं का बोलत नाहीत?

सिनेमाचा गाभा हा आहे, आणि लाटेच्या नादात नेमका हाच सुटतो. डेव्हिडचा बचाव असा : हे लोक परंपरेनं चालणारे आहेत, मृत्यू त्यांच्या कायद्यानुसार घडला, तर साध्या खुनासारखा त्याचा न्याय करू नका. बचाव टिकायला ख्रिसनं पिंजऱ्यात उभं राहून सांगायला हवं की शहरात असा समाज आहे आणि त्याची गुपितं आहेत. पण गुपित सांगणं हाच त्या कायद्यातला गुन्हा. म्हणजे एका कायद्यापुढे सुटायचं तर दुसरा मोडावा लागतो. इथे कायदा माणसापेक्षा मोठा आहे, असं डेव्हिडला सरळ सांगितलं जातं.

ही अडचण पटकथाकारांची कल्पना नव्हती. १९७१ मध्ये उत्तर ऑस्ट्रेलियातल्या गोव द्वीपकल्पावरच्या योल्ङु या आदिवासी लोकांनी खाणकंपनीविरुद्ध लढवलेल्या खटल्यात न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी मान्य केलं की ‘माणसांचं नव्हे, कायद्याचं राज्य’ हे वर्णन कोणत्या व्यवस्थेला लागू पडत असेल तर ते या लोकांच्या व्यवस्थेला. आणि तरीही जमिनीवरचा हक्क नाकारला. फेब्रुवारी १९७७ मध्ये, म्हणजे सिनेमाच्याच वर्षी, ऑस्ट्रेलियाच्या विधी सुधारणा आयोगाकडे आदिवासी रूढ कायद्याला न्यायालयात काय स्थान द्यावं हा विषय सोपवला गेला. अहवाल यायला १९८६ उजाडलं. हे माहीत असलं की न्यायालयातली दृश्यं कोरडी वाटत नाहीत.

सिडनीत परंपरेनं राहणारे आदिवासी उरलेच नाहीत, असं पात्रं म्हणतात. खरं आहे का?

पात्रांचं ते अज्ञान आहे आणि काही प्रमाणात सिनेमाचंही. सिडनी ही गडिगल आणि इतर समाजांची भूमी. १७८९ च्या देवीच्या साथीत आणि जमिनी गेल्यावर त्यांची वाताहत झाली, पण वंशज आजही तिथेच आहेत. १९७० मध्ये रेडफर्न या सिडनीच्याच भागात आदिवासींची स्वतःची विधी साहाय्य संस्था सुरू झाली होती. सिनेमातल्या वकिलांना ती सात वर्षांनंतरही फारशी दिसत नाही.

दुसरी गोची कलाकारांची. गुलपिलिल उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधल्या मंधलपिंगू समाजातले. नांदजीवारा अमागुला आणि बाकीचे बरेचजण कार्पेंटारियाच्या आखातातल्या ग्रूट आयलँडचे, सिडनीपासून अडीच हजारांहून जास्त किलोमीटर लांबचे. म्हणजे सिंधुदुर्गातली दशावतारी मंडळी काश्मिरातले गावकरी म्हणून उभी केल्यासारखं. ध्वनिपट्टीवरचं डिजरिडूही उत्तरेकडचं वाद्य, सिडनीच्या मूळ लोकांचं नव्हे.

या निवडीतून एक फायदा मात्र झाला. अमागुला स्वतः आपल्या समाजातले वडीलधारे आणि बेटावरचे दंडाधिकारी होते. चार्ली समोर बसून डेव्हिडला ‘तू कोण आहेस?’ हे पुन्हा पुन्हा विचारतो तेव्हा आवाज चढत नाही, चेहरा हलत नाही, आणि वकील साक्षीदारासारखा आक्रसत जातो. उलटतपासणी म्हणजे काय हे त्या माणसाला ठाऊक होतं.

‘मुल्कुरुल’ खऱ्या पुराणकथेतले आहेत का?

उगवतीकडून आलेले, भविष्य स्वप्नात बघणारे आत्मे म्हणून सिनेमा त्यांची ओळख करून देतो, तीही एका संग्रहालयातल्या अभ्यासक बाईच्या तोंडून. पडद्यावरची ही मांडणी कथेसाठी जुळवलेली आहे. तेच पवित्र वस्तूंचं आणि तेच भूमिगत चित्रांचं. गुप्त विधींच्या अस्सल वस्तू पडद्यावर दाखवणं हा त्या समाजांच्या नियमांचा भंग झाला असता, म्हणून रचलेल्या वस्तू वापरणं हाच सभ्य मार्ग होता. आमची तक्रार वेगळी आहे. सिनेमा खऱ्या-खोट्याची रेघ कुठेच दाखवत नाही, त्यामुळे प्रेक्षक ‘मुल्कुरुल’ शोधत बसतात आणि ज्यांच्याबद्दल खरंच वाचण्यासारखं आहे ते योल्ङु राहून जातात.

आदिवासी श्रद्धांत जगबुडीची भविष्यवाणी असते का?

ठरावीक कालचक्रानंतर प्रलय, ही कल्पना आपल्याला मत्स्यावतारामुळे सहज पटते. पण ऑस्ट्रेलियातल्या परंपरांचं ते सर्वसाधारण वैशिष्ट्य नाही. चक्राचा भाग सिनेमानं जोडला आहे.

पाण्याच्या आठवणी मात्र आहेत, आणि त्या सिनेमापेक्षा थरारक आहेत. भूगोलतज्ज्ञ पॅट्रिक नन आणि भाषाशास्त्रज्ञ निकोलस रीड यांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या २१ ठिकाणच्या कथा तपासल्या. प्रत्येकात समुद्रानं जमीन गिळल्याचं वर्णन आहे. हिमयुगानंतर समुद्र चढत होता तो साधारण ७,००० वर्षांपूर्वी आजच्या पातळीला येऊन स्थिरावला. म्हणजे या कथा किमान तेवढ्या जुन्या असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष. समुद्र चढत गेला, लोक मागे सरकले आणि पुढच्यांना सांगत राहिले. डेव्हिडला भविष्य म्हणून जे दिसतं, ते त्या किनाऱ्यांवर आठवण म्हणून सांगितलं जातं.

(इथून पुढे शेवट उघड होतो.) शहराच्या गटाराखाली पवित्र जागा, हे जरा अतीच नाही का?

नकाशा बघितला की तेवढं अती वाटत नाही. सिडनीची पहिली वसाहत ज्या ओढ्याच्या पाण्यावर उभी राहिली तो टँक स्ट्रीम आज शहराच्या मध्यभागाखालून बंदिस्त गटार म्हणून वाहतो. बाँडाय या सिडनीच्या किनारी भागातलं, समुद्रात जाणारं मलवाहिनीचं तोंड १८८९ चं. आणि नॉर्थ बाँडायच्या गोल्फ मैदानावर, मलशुद्धीकरण केंद्राच्या धुराड्यासारख्या उंच वायुनळीजवळच, खडकात कोरलेली आदिवासी शिल्पं उघड्यावर आहेत. वर शिल्पं, खाली शहराची घाण, हे तिथे खरोखर आहे.

आतली सजावट मात्र फसली आहे. मुखवटे आणि भिंतीवरची चित्रं ऑस्ट्रेलियातल्या कोणत्याच परंपरेची वाटत नाहीत. दीड तास पाण्याच्या एका थेंबावर भीती उभी केल्यावर इथे एकदम सगळं दाखवून टाकलंय. डेव्हिडच्या स्वतःच्या चेहऱ्याचा मुखवटा सापडतो तो क्षण तेवढा चांगला. बाकी गुहा सेटसारखी दिसते.

शेवटची लाट खरंच येते का?

पडद्यावर काय आहे तेवढं बघू. डेव्हिड गटाराच्या मोठ्या नळातून किनाऱ्यावर बाहेर पडतो, गुडघ्यांवर येतो, वर बघतो. मग पाणी पडदा भरून टाकतं. शहर कोसळताना दिसत नाही, पळणारी माणसं नाहीत. लाट आणि डेव्हिड एकाच चौकटीत येत नाहीत. म्हणून दोन्ही वाचनं टिकतात, खरी लाट किंवा त्याचं शेवटचं दर्शन. महाकाय विध्वंस दाखवण्याइतका पैसा निर्मितीकडे नव्हता हेही खरं.

आमचं मत : पहिली शक्यता जास्त पटते. शाळेवरच्या गारा डेव्हिडनं पाहिलेल्या नाहीत. तो तिथे नव्हताच. म्हणजे आभाळ बिघडलंय ते त्याच्या डोक्याबाहेर.

ही कल्पना सुचली कुठून?

विअर यांनी मुलाखतींत सांगितलेली हकिगत प्रसिद्ध आहे. ट्युनिशियातल्या दुग्गा इथल्या रोमन अवशेषांत फिरताना आपल्याला काहीतरी सापडणार असं त्यांना एकाएकी वाटलं, आणि लगेच लहान मुलाचं कोरीव दगडी मस्तक सापडलं. मग प्रश्न पडला की हे एखाद्या वकिलाला झालं असतं तर? पुराव्याशिवाय बोलायची ज्याला चोरी, अशा माणसाला.

निवडलेला माणूस गोराच कसा? ही टीका योग्य आहे का?

योग्य आहे. आदिवासींचं ज्ञान अखेर एका गोऱ्या वकिलाच्या आत्मशोधासाठी वापरलं जातं, स्त्रिया तर त्यांच्या बाजूनं जवळजवळ नाहीतच. बचावात एवढंच म्हणता येईल की डेव्हिड कोणालाही वाचवत नाही. खटला हातून जातो, चार्लीशी गाठ पडते तीही नाशाकडे नेणारी, आणि जे कळलं ते सांगायला कोणी उरत नाही.

यावर मराठीत लिहिताना कोणते शब्द वापरावेत?

‘आदिवासी’ चालतो. ‘रानटी’, ‘जंगली जमात’ नको. शक्य तिथे समाजाचं नाव लिहा : योल्ङु, अरेर्न्ते, गडिगल. टॉरस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे लोक वेगळे, त्यांना यात ढकलू नका. उलुरू या प्रसिद्ध खडकाचा फोटो लावू नका. सिनेमात त्याचा संबंध नाही.

डेव्हिड गुलपिलिल यांचं २९ नोव्हेंबर २०२१ रोजी निधन झालं. अनेक आदिवासी समाजांत मृताचं नाव आणि चित्र काही काळ वापरत नाहीत. त्यांच्या कुटुंबाच्या विनंतीवरून माध्यमांनीही सुरुवातीला ‘डेव्हिड दलैथ्ङु’ असं लिहिलं. नंतर कुटुंबानं परवानगी दिली, म्हणून इथे नेहमीचं नाव आहे. ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळांत सिनेमा दाखवणार असाल तर सुरू होण्याआधी एक पाटी लावा : यात दिवंगत आदिवासी व्यक्तींची चित्रं आणि आवाज आहेत. तिथे ही रीतच आहे आणि एका ओळीचं काम आहे.